रेवणच्या नोंदी: अर्धी शिकवलेली विद्या

३ जून २०२४

कादंबरीला अजून नाव नाही. फाइलवर नुसतं ‘रेवण’ लिहिलंय. बारा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी अद्भुत कादंबरी. रेवण पंधरा वर्षांचा. मुलूख डोंगराळ, कुठल्याही नकाशात नसलेला, पण साग, मोह आणि पावसाळी ओढे आपल्या ओळखीचे. त्याच्या घराण्यात ‘जागवणं’ चालत आलेलं आहे. वाळलेल्या लाकडात, कोळशात, गारगोटीत निजलेली आग हाक मारून उठवायची.

शेवट आधीच ठरलाय. रेवण वाचतो, आणि ज्यांच्यासाठी त्याने आग उठवली ती माणसं वाचत नाहीत.

संपादकांचा फोन आला होता. “ताई, मुलांच्या पुस्तकात एवढं दुःख पेलेल का?” मला वाटतं, दुःख मुलं पेलतात. त्यांना जाचतं ते कारण न सांगता आलेलं दुःख. म्हणून शक्ती किती भयंकर आहे हे रंगवण्यात मला फार रस नाही. ती या पोराच्या हातात कुणी दिली, किती दिली आणि द्यायचं काय राहिलं, हे मला लिहायचंय.

११ जून

आधार म्हणून कुणाकडे बघायचं याची यादी केली होती. ती बाजूला ठेवली, कारण मन पहिल्या नावावरून हलेना: अश्वत्थामा.

आपण त्याला शेवटाकडून ओळखतो. कपाळाची भळभळती जखम, तेल मागत फिरणारा शापित. मी उलट टोकाकडून, आदिपर्वापासून सुरुवात केली. प्रचलित पाठात द्रोण स्वतःच भीष्मांना सांगतो, की श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून माझा मुलगा रडायला लागला. कीर्तनात पुढे आई पाण्यात पीठ कालवून देते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. महाभारतात मात्र पिठाचं पाणी देतात ती बरोबरीची मुलं, चेष्टा म्हणून. तो ते पितो, ‘मीही दूध प्यालो’ म्हणून उठून नाचतो, आणि भोवतीची पोरं हसतात. बाप हे बघत उभा आहे. त्यानंतर तो द्रुपदाकडे जातो, अपमान गिळून परततो आणि हस्तिनापूरचा आचार्य होतो.

कीर्तनातली आई मायाळू आहे, पण माझ्या कामाला महाभारतातली पोरं जास्त उपयोगी. या मुलाच्या आयुष्यातला पहिला आनंदच फसवणुकीतला आहे, आणि बापाने तो पाहिलाय. पुढे या बापाला मुलाला ‘नाही’ म्हणणं का जमत नाही, ते इथेच कळतं.

प्रचलित पाठांत आणखी एक गोष्ट येते. द्रोण शिष्यांना पाणी आणायला अरुंद तोंडाचे कमंडलू देतो आणि मुलाला रुंद तोंडाची घागर. मुलगा लवकर परततो, आणि बाकीचे येईपर्यंत बाप त्याला चार गोष्टी जास्तीच्या शिकवतो. अर्जुनाच्या ते लक्षात येतं आणि तो वारुणास्त्राने कमंडलू भरून मुलाच्या बरोबरीने हजर होतो. गुरुकुलातला हा पक्षपात किती घरगुती आहे!

२० जून

महाभारतातलं सौप्तिकपर्व, अठरा अध्याय. सगळं वाचून झालं. मधला एक प्रसंग आपल्याकडे फार कमी सांगितला जातो, तो सविस्तर टिपून ठेवते.

द्रौपदीची झोपलेली मुलं मारून पळालेल्या अश्वत्थाम्याच्या मागे भीम निघून गेलाय. कृष्ण घाईने युधिष्ठिराला सांगतो, की याच्याकडे ब्रह्मशिर अस्त्र आहे, भीमाला एकटं सोडू नका. मग ते अस्त्र याच्याकडे कसं आलं ते सांगतो. द्रोणाने ते अर्जुनाला दिलं, प्रसन्न होऊन. मुलाला ते सहन झालं नाही, त्याने मागितलं. द्रोणाने दिलं, पण फारसं मनापासून नाही. देताना बजावलं, की कितीही मोठं संकट आलं तरी हे वापरू नकोस, माणसांवर तर मुळीच नाही. आणि पुढे असंही म्हणाला, की तू सज्जनांच्या वाटेवर टिकणारा नाहीस.

ओळखूनही दिलं! मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

बापाचे हे शब्द घेऊन मुलगा पृथ्वीभर भटकतो आणि द्वारकेला पोचतो. कृष्ण समुद्राकाठी एकटा आहे. हा म्हणतो, माझं ब्रह्मशिर घे आणि तुझं चक्र दे. कृष्ण म्हणतो, तुझं अस्त्र मला नको, माझ्या आयुधांतलं उचलता येईल ते घेऊन जा. अश्वत्थामा डाव्या हाताने चक्र धरतो, ते जागचं हलत नाही. उजवा हात लावतो. मग सगळा जोर लावतो आणि थकून बाजूला होतो. कृष्ण विचारतो, अर्जुनाने, बलरामाने, माझ्या मुलाने जे कधी मागितलं नाही ते तुला कशासाठी हवं होतं? अश्वत्थामा सरळ सांगून टाकतो: तुझी पूजा करून तुझ्याशीच लढलो असतो, म्हणजे मी अजिंक्य झालो असतो.

हे खलनायकाचं बोलणं नव्हे. बापाने नाकारलेल्या मुलाचं बोलणं आहे. रेवणच्या तोंडी एकदा तरी इतकं उघडं, इतकं न लपवलेलं वाक्य यायला हवं.

२ जुलै

विद्येचे नियम ठरले. अद्भुत कादंबरीत जादूला किंमत लागते हे सगळेच लिहितात. मला ती किंमत अंगावर दिसायला हवी आहे.

जागवणं फुकट आहे. हाक मारली की आग येते. ‘निजवणं’ मात्र अंगातली ऊब मागतं. उठवलेली आग परत निजवायची तर ती हातावाटे आत घ्यावी लागते, आणि दर वेळी बोटांची थोडी जाणीव कायमची जाते. रेवणचा बाप वैजू दोन्ही जाणतो. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं बधिर आहेत. तो तापल्या तव्यावरची भाकरी त्या बोटांनी उलटतो आणि बायको बोलेपर्यंत हात तिथेच राहतो. हा पहिल्या प्रकरणातला पहिला प्रसंग. त्याचा अर्थ मात्र आठव्या प्रकरणापर्यंत सांगायचा नाही.

वैजूचे शिष्य दोन. सोनजी गावातला पोर, त्याला दोन्ही विद्या शिकवल्या. पोटच्या रेवणला फक्त जागवणं. मुलाची बोटं जाऊ नयेत म्हणून. म्हणजे अर्धी विद्या दिली ती प्रेमापोटी. सगळी कादंबरी याच एका गोष्टीवर उभी आहे.

महाभारतात हे असंच आहे, फक्त तिथलं कारण वेगळं. अश्वत्थाम्याने सोडलेल्या ब्रह्मशिराला उत्तर म्हणून तेच अस्त्र सोडताना अर्जुन आधी आचार्यपुत्राचं कल्याण चिंततो, मग स्वतःचं आणि भावांचं, आणि म्हणतो की अस्त्राने अस्त्र शांत होवो. नारद आणि व्यास मध्ये येऊन उभे राहतात. अर्जुन अस्त्र मागे घेतो. व्रत न पाळणाऱ्याने ते मागे घ्यायचा प्रयत्न केला तर ते त्याचंच डोकं उडवतं, असं तिथे म्हटलंय. अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही. तो कबूल करतो, की भीमाच्या भीतीने सोडलं. मग ते अस्त्र पांडवांच्या घरातल्या गर्भांवर वळतं.

१४ जुलै

दूरचा एक भाऊबंद सापडला, फिनलंडमधला. ‘कालेवाला’ हे एलियास ल्योनरोटने लोकगीतांवरून रचलेलं महाकाव्य. पहिली आवृत्ती १८३५ची, ५० गीतांची मोठी आवृत्ती १८४९ची. त्यातली ३१ ते ३६ ही गीतं कुल्लर्वो नावाच्या पोराची.

उन्तामोने त्याच्या बापाचं कूळ संपवलं. पोराला पाण्यात टाकलं, आगीत टाकलं, झाडाला लटकावलं, तरी तो मरेना. मग गुलाम म्हणून कामाला लावलं. मूल सांभाळायला दिलं, ते मेलं. कुंपण घालायला सांगितलं, तर अख्खे वृक्ष उभे करून असं कुंपण घातलं की त्याला दारच नाही. मळणीला बसवलं तर धान्याचा भुगा केला. हे बिनदाराचं कुंपण माझ्या डोक्यातून जात नाही. ताकद अफाट, आणि तिच्या मापाचं काम कुणी दिलंच नाही.

पुढे त्याला लोहार इल्मारिनेनला विकतात. लोहाराची बायको गुराख्याच्या शिदोरीच्या पावात दगड भाजून देते. पाव कापताना पातं दगडावर आपटून मोडतं, आणि ती सुरी म्हणजे बापाची उरलेली एकुलती एक खूण. कुल्लर्वो तिच्या गाई लांडगे-अस्वलांच्या तोंडी देतो आणि त्यांनाच मंत्राने गाईंचं रूप देऊन संध्याकाळी गोठ्याकडे हाकतो. ती धार काढायला बसते आणि मरते. शेवटी त्याच्या नकळत त्याच्या हातून सख्ख्या बहिणीचा नाश होतो. तो तलवारीलाच विचारतो, माझं रक्त पिशील का? तलवार उत्तर देते. तो तिच्यावर पडतो.

मग म्हातारा वैनामोइनेन सांगतो, की मूल वाईट रीतीने वाढवू नका, असं वाढलेलं मूल म्हातारं झालं तरी शहाणं होत नाही. म्हणणं खरं आहे, पण पोर मेल्यावर आलेलं. माझ्या पुस्तकात कुणा वडीलधाऱ्याला असं भाषण देणार नाही.

घेण्यासारखं आहे ते मोडलेलं पातं. स्फोट होतो तो मोठ्या अन्यायावर नाही, एका बारीक वस्तूवर होतो. रेवणकडे अशी वस्तू हवी. आईने विणलेलं गारगोटी ठेवायचं पिशवीवजा जाळं चालेल.

२९ जुलै

पहिली पाच प्रकरणं खरडून झाली. भाषा ठरली: निवेदन साधं, आणि जागवणाऱ्यांच्या हाका ओवीच्या लयीत. हाकेत आगीला ‘बाई’ म्हणायचं. पाऊस इतका आहे की आगीवर लिहिताना बोटं गार पडतात.

१२ ऑगस्ट

आज जे हाती लागलं त्यासाठी हे सगळं वाचन केलं असं वाटतंय.

शृंगीची गोष्ट वाचत होते. आदिपर्व, आस्तीकाची कथा. राजा परीक्षित शिकारीत भुकेला, तहानलेला. मौनव्रत धरलेल्या शमीक ऋषींना काही विचारतो, उत्तर मिळत नाही. रागाने तो मेलेला साप धनुष्याच्या टोकाने उचलून ऋषींच्या गळ्यात टाकतो. ऋषी गप्पच. त्यांचा मुलगा शृंगी लहान, तपाचं बळ मात्र मोठं. बरोबरीचा कृश त्याला चिडवतो, की तुझा बाप गळ्यात मढं घालून बसलाय, तू कसला मिरवतोस. शृंगी पाण्याला हात लावतो आणि शापून टाकतो: सातव्या रात्री तक्षक त्या राजाला मारील.

मग तो बापाकडे जातो. बाप खूश होईल अशी त्याची समजूत असणार. शमीक म्हणतात, मला हे आवडलं नाही. या राजाच्या आधाराने आपण राहतो, तो दमलेला होता, माझं व्रत त्याला माहीत नव्हतं. मुलगा म्हणतो, मी थट्टेतही खोटं बोललेलो नाही, हे आता टळायचं नाही. शमीक म्हणतात, मुलगा जाणता झाला तरी बापाने त्याला सांगत राहावं, तू तर अजून पोर आहेस. आणि लगेच गौरमुख या शिष्याला राजाकडे सावध करायला धाडतात.

पुन्हा तेच. चेष्टा करणारी बरोबरीची मुलं, अपमान झालेला बाप, आणि एकदा सुटलं की परत न येणारं काहीतरी.

आणि हा परीक्षित कोण? अश्वत्थाम्याचं अस्त्र ज्याच्यावर पडलं तो उत्तरेच्या पोटातला गर्भ! मृत जन्मला आणि कृष्णाने जिवंत केला. एका तरुणाच्या अस्त्रातून वाचवलेला जीव दुसऱ्या पोराच्या शब्दाने गेला. त्याचा मुलगा जनमेजय सूड म्हणून सर्पसत्र मांडतो, आणि त्याच सत्रात वैशंपायन त्याला महाभारत ऐकवतात. म्हणजे ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली त्यामागे मागे न घेता आलेल्या दोन गोष्टी आहेत. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत शेकडो हस्तलिखितं ताडून या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. आज हे वाचताना त्या माणसांना मनोमन नमस्कार केला.

शमीक आणि द्रोण शेजारी ठेवले की वैजू कसा लिहायचा ते कळतं. द्रोणाने आधी बजावलं आणि तरीही दिलं. शमीकांनी घडल्यावर जेवढं करता येईल तेवढं लगेच केलं, मुलाची बाजू न घेता. वैजूला मी द्रोणाकडून शमीकांकडे चालवत नेणार आहे, आणि तो पोचेल तेव्हा उशीर झालेला असेल.

५ सप्टेंबर

वाचनालयातल्या मुलांना आठ प्रकरणं वाचून दाखवली. रेवणला निजवणं शिकवलेलंच नाही, हे कळतं तिथे थांबले.

आठवीतली एक मुलगी म्हणाली, “त्याला कुणी शिकवलंच नाही, तर मग तो दोषी कसा?” मागच्या रांगेतला एक मुलगा लगेच म्हणाला, “पण जे जळणार त्यांना काय फरक पडतो?”

दोघं बराच वेळ भांडली. मी निकाल दिला नाही, पुस्तकातही द्यायचा नाही. हे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे अकराव्या प्रकरणात गावच्या बैठकीत घातले आहेत. मुलीचा प्रश्न रेवणच्या आजीला दिला, मुलाचा सोनजीला.

२२ सप्टेंबर

रात्रीचं प्रकरण. चार दिवस त्याच्याभोवती घुटमळल्यावर आज ते लिहून झालं.

सौप्तिकातली रात्र पुन्हा वाचली. वडाखाली कृप आणि कृतवर्मा झोपलेत, अश्वत्थाम्याला झोप नाही. फांद्यांवर कावळे निजलेत. एक घुबड आवाज न करता येतं आणि त्यांना मारत सुटतं. ते पाहून त्याला कल्पना सुचते. कृप त्याला अडवतो, आज झोप, सकाळी लढू, म्हणतो. तो ऐकत नाही. पुढे शिबिराच्या दारात स्वतःलाच आगीत आहुती म्हणून अर्पण करतो, तेव्हा शिव त्याच्यात प्रवेश करतो. आत द्रौपदीची पाच मुलं झोपलेली आहेत.

मला यातलं रक्त नको होतं, कृपाचं ते ‘आज झोप’ हवं होतं. माझ्या रात्रीत रेवणची मावशी त्याला म्हणते, “अरे बाळा, दोन घास खा, पड जरा, उजाडल्यावर बघू.” तो खातो. ताट धुऊन पालथं घालतो. मग बाहेर पडतो. कोठारवाल्यांच्या तळावर तो आग जागवतो, पण त्या रात्री पाऊस म्हणून सोनजीची धाकटी भावंडं त्याच तळाच्या गोठ्यात आसऱ्याला आलेली असतात, हे त्याला माहीत नसतं. रेवण हात पुढे करून आगीला परत बोलावतो. ‘ये बाई, नीज बाई’. त्याला शब्द माहीत आहेत, बापाच्या तोंडून ऐकलेले. पण नुसत्या शब्दांनी आग निजत नाही.

संपादकांनी वाचून एवढंच कळवलं: “ताई, यातला एकही शब्द कमी करू नका.”

३० ऑक्टोबर

तळोद्याकडे आश्रमशाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीशी बोलणं झालं. काल धनत्रयोदशी होती, तिकडे अस्तंब्याच्या यात्रेची गर्दी सुरू झाली आहे. अस्तंबा नंदुरबार जिल्ह्यातला सातपुड्याचा डोंगर, १,३२५ मीटर उंच. दिवाळीत महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातून आदिवासी भाविक तिथे चढून जातात. अश्वत्थामा तिथे आहे ही श्रद्धा.

मी तिला शापाबद्दल विचारत होते. तिने मध्येच थांबवलं. “अगं, इथे त्याला शापित कुणी म्हणत नाही. इथे तो अस्तंबा ऋषी. डोंगरात वाट चुकलेल्याला वाट दाखवतो म्हणतात.”

महाभारतातला शाप तीन हजार वर्षांचा आहे: पू-रक्ताचा वास घेऊन, कुणाशी बोलणं नाही असा एकट्याने फिरशील. लोकांनी मुदत काढून टाकली आणि त्याला सात चिरंजीवांत बसवलं. नर्मदाकाठच्या लोकांनी जखमेवर तेल मागणारा केला. सातपुड्याने तर त्याला कामच दिलं. ज्याला स्वतःच्या अस्त्राला परतीची वाट दाखवता आली नाही, त्याच्याकडे लोकांनी वाट दाखवण्याचं काम सोपवलं. कुल्लर्वोला जे कुणीच दिलं नाही ते हेच, त्याच्या मापाचं काम.

रेवणच्या शेवटात हे यायला हवं, पण बक्षीस म्हणून नाही.

१७ नोव्हेंबर

शेवटचं प्रकरण सोनजीच्या आईच्या, गोजाईच्या नजरेतून लिहायचं ठरलं.

भागवतात अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीसमोर आणतो. मुलं गेलेली ती बाई म्हणते, सोडा त्याला, मी रडते तशी त्याची आई रडायला नको. मग अर्जुन तलवारीने त्याच्या डोक्यावरचा मणी केसांसकट कापून घेतो आणि त्याला हाकलतो. सौप्तिकात मणी तो स्वतः काढून देतो, भीम तो द्रौपदीला नेऊन देतो, आणि तिच्या म्हणण्यावरून युधिष्ठिर तो मस्तकावर धारण करतो. भागवतातली द्रौपदी मला जास्त जवळची, कारण ती अश्वत्थाम्यासाठी काहीच मागत नाही. ती त्याच्या आईसाठी मागते, आणि क्षमा हा शब्द न उच्चारता.

गोजाईही रेवणला माफ करत नाही. ती वैजूला म्हणते, “तुझ्या पोराला उरलेलं शिकव. आत्ता. माझ्यासमोर.” वैजू शिकवतो. आठवडाभर तळाखालची धुमसती माती रेवण वीत वीत निजवत जातो, आणि दहाही बोटांची जाणीव जाते. गोजाई रोज येऊन बसते. एकही शब्द बोलत नाही. शेवटच्या दिवशी त्याला पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने धरावा लागतो आणि तो त्याला धरता येत नाही. ती तो धरून त्याच्या तोंडाला लावते की नाही, यावर अजून विचार चाललाय.

८ डिसेंबर

लावते. काल रात्री तसं लिहिलं. तिच्या मुलांना ती याच तांब्याने पाणी पाजायची, एवढंच वाक्य त्याला जोडलंय.

पूर्ण खर्डा संपादकांकडे गेला. उरलेली कामं: हाकांच्या ओव्या मोठ्याने म्हणून लय तपासणे. सहाव्या प्रकरणात वैजू आणि त्याच्या बायकोचं भांडण वाढवणे, कारण मुलाला अर्धंच शिकवायचं हे तिलाही पटलं होतं, आणि ते वाचकाला तिथेच कळायला हवं. चित्रकाराला तव्यावरच्या हाताचा प्रसंग पाठवणे. वाचनालयातल्या त्या दोघा मुलांना शेवट आधी वाचायला देणे, छापायला जाण्यापूर्वी.